प्लग कोणी ओढला

घड्याळकाकूंनी शेवटचं घड्याळ उघडलं त्याला चौदा वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना अजून घड्याळकाकूच म्हणतात. दुकानाच्या पाटीवर आता 'हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह, गेलेला डेटा परत मिळेल' असं लिहिलेलं आहे. पण पाटी वाचून येणारे कमीच. लोक येतात ते कोणीतरी सांगितलं म्हणून, आणि येताना असं तोंड करून येतात की दुकान नसून दवाखानाच आहे.

दुकान त्यांच्या सासऱ्यांचं. जिन्याखालची ती जागा इतकी अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की काकूंना खुर्ची मागे सरकवावी लागते. लग्न होऊन आल्या तेव्हा काकूंना घड्याळातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना शिवणकामाची आवड होती आणि माहेरहून शिलाई मशीन आणायचा विचार होता. पण वर्षभरातच सासऱ्यांचा हात थरथरायला लागला. मुलगा, म्हणजे काकूंचा नवरा, पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरीला. त्याला बारीक कामाचा मनापासून कंटाळा. सासऱ्यांनी एके दिवशी सुनेला सुईत दोरा ओवताना पाहिलं. एका झटक्यात, न बघता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला दुकानात बोलावून स्टुलावर बसवलं आणि हातात चिमटा दिला.

त्या स्टुलावर खरं तर त्यांची मुलगी बसायची. घरात तिला चिमणी म्हणत. आज ती पंचेचाळीस वर्षांची आहे आणि अजूनही चिमणीच. काकू तिला चिमूताई म्हणतात. ती लहानपणापासून वडिलांशेजारी बसून घड्याळं सुटी करायची, जोडायची. विसाव्या वर्षी एका ट्रकखाली तिचा डावा पाय गेला, गुडघ्याखाली. दवाखाना, मग घर, मग पुन्हा दवाखाना, असं वर्ष गेलं. कुबड्या घेऊन ती पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा तिच्या स्टुलावर वहिनी बसलेली होती, डोळ्याला भिंग लावून.

त्या दिवसापासून ती दुकानाची पायरी चढली नाही. नणंद-भावजयींत भांडण असं कधी झालंच नाही. सणसमारंभाला भेटत, एकमेकींच्या तब्येती विचारत. पण वीस-बावीस वर्षं दोघी एकमेकींना 'तुम्ही' म्हणत राहिल्या. दोघींच्या वयात फक्त तीन वर्षांचं अंतर आहे.

पुढे मनगटी घड्याळं लोकांनी सोडून दिली. दुकान बसायला आलं. शेजारच्या फोटोवाल्याची हार्ड डिस्क टेबलावरून पडली आणि तो ती काकूंकडे घेऊन आला. "काकू, आत सगळं घड्याळासारखंच असतं म्हणे. बघता का उघडून?" काकूंनी उघडली. आत आरशासारखी गुळगुळीत तबकडी, तिच्यावर केसाएवढ्या अंतरावर तरंगणारी सुई. त्यांना ती इतकी आवडली की त्या पंधरा मिनिटं नुसत्या बघत बसल्या. तेवढ्यात दुकानातली धूळ तबकडीवर बसली आणि त्या माणसाने चार वर्षांत काढलेले लग्नांचे फोटो कायमचे गेले. पहिली डिस्क काकूंनी स्वतःच मारली, हे त्या कोणापासून लपवत नाहीत. तेव्हापासून कानाला खडा लावला. भंगारवाल्याकडून मेलेल्या डिस्का किलोवर आणून दोन वर्षं नुसता हात बसवला, गाळलेल्या हवेची काचेची पेटी करून घेतली, आणि मगच पुन्हा गिऱ्हाइकाच्या वस्तूला हात लावला.

आलेल्या माणसाला काकू तीन प्रश्न विचारतात. काय झालं? झाल्यावर तुम्ही काय केलंत? तुमच्यानंतर कोणी हात लावला? त्यांचा अनुभव असा, की पहिल्या प्रश्नाला माणसं खरं बोलतात. दुसऱ्याला खोटं बोलतात. तिसऱ्याचं उत्तर त्यांना माहीतच नसतं.

दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी सकाळी चिमूताई दुकानाच्या दारात उभी राहिली. सोबत तिचे मास्तर. मास्तर म्हणजे कृत्रिम पाय बनवणाऱ्या कार्यशाळेचे मालक. उंच, वाकलेले, नखांत कायम पांढरी भुकटी. चिमूताईचा पाय त्यांनीच केला होता, आणि नंतर तिचं वागणं आणि अक्षर बघून तिला तिथेच काउंटरवर नोकरीला ठेवलं होतं. अकरा वर्षं ती तिथे होती. येणाऱ्याचं नाव लिहायचं, वेळ द्यायची, कॉम्प्युटर सांभाळायचा.

मास्तरांनी पिशवीतून डिस्क काढून टेबलावर ठेवली. "हिच्यात तेराशे माणसांचे पाय आहेत," ते म्हणाले.

झालं होतं ते असं. त्याआधीच्या गुरुवारी मास्तर दुपारी कार्यशाळेत आले तेव्हा कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकच चिठ्ठी होती. तुमच्या फायलींना कुलूप लावलं आहे, किल्ली हवी असेल तर पैसे पाठवा. शेजारीच कायम जोडून ठेवलेली जादा डिस्क होती, तिच्यात सगळ्याची नक्कल असायची. तीही कुलूपबंद. मास्तरांची पाचावर धारण बसली. त्यांनी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने बघितलं, "व्हायरस आहे, साफ करून देतो" म्हणाला आणि डिस्क पुसून तिच्यावर नवीन विंडोज टाकून दिलं. कॉम्प्युटर चकचकीत झाला. आत काहीच उरलं नाही.

"म्हणजे आधी कुलूप लागलं आणि मग कपाटच गेलं," काकू म्हणाल्या.

"पैसे पाठवले असते तर?"

"किल्ली आली असती किंवा नसती. तुमच्यासारख्यांना एकदा मिळते, एकदा मिळत नाही. आणि आता तर कुलूपही जागेवर नाही. चिमूताई, त्या वेळी कॉम्प्युटरसमोर कोण होतं?"

"मी होते."

"किती वेळ चालू होता तो? चिठ्ठी दिसल्यावर लगेच बंद झाला की चालू राहिला?"

चिमूताईने टेबलाकडे बघत सांगितलं, "चालूच होता. मास्तर येईपर्यंत."

"म्हणजे किती?"

"दोन-अडीच तास."

काकूंनी डिस्क ठेवून घेतली. आधी तिची हुबेहूब नक्कल केली, कारण त्या मूळ वस्तूवर कधीच काम करत नाहीत. पुसलेल्या डिस्कवर जुन्या फायली बऱ्याचदा तशाच पडून असतात. फक्त कुठे काय आहे ती यादी गेलेली असते. काकूंनी सुरुवातीपासून शोधायला घेतलं. चाळीस फायली हाताला लागल्या. चाळीसच्या चाळीस कुलूपबंद. उघडून बघितल्या तर आत अक्षरांचा नुसता चुरा. दोन-अडीच तासांत तसला प्रोग्राम तेराशे माणसांच्या फायली चावून मोकळा होतो, हे काकूंना माहीत होतं. त्यांनी हात टेकले. मास्तरांना फोन करून सांगितलं, "आशा धरू नका."

मास्तर म्हणाले, "मापं पुन्हा घेता येतील हो. नोंदी कुठून आणू?"

मापांचं काकूंना समजलं होतं. उरलेल्या पायाचा आकार यंत्राने टिपायचा आणि त्यावरून पाय बसवायची वाटी घडवायची. पण नोंदींचं त्यांना नंतर कळलं. कोणाला कुठे टोचतं, कोणाची कातडी कुठे फाटते, कोण जिना चढतो, कोण दिवसभर उभा असतो, कोणाला पहिल्या तीन वाट्या का बसल्या नाहीत, हे मास्तर प्रत्येकाच्या नावापुढे लिहून ठेवत. चौदा वर्षांचं ते लिखाण होतं. पासष्ट जणांचे पाय तर अर्धवट झालेले पडून होते, आणि त्यातले बरेच जण लांबून, दोन-दोन गाड्या बदलून येणारे.

दोन दिवसांनी काकू ती नक्कल पुसून टाकणार होत्या, दुसऱ्या कामाला जागा हवी होती म्हणून. पुसायच्या आधी त्यांनी सवयीने शेवटच्या टोकाकडून एकदा बघितलं. तिथे एक फाईल सापडली, आणि काकूंनी तिच्यावर त्यांची साधी कसोटी लावली. चांगली फाईल आवळून लहान करता येते, कारण तिच्यात तेच तेच बरंच असतं. कुलूप लागलेली फाईल आवळतच नाही, तिच्यात कशाचाच कशाशी मेळ नसतो. फोटोंना ही कसोटी चालत नाही, पण पायांच्या मापांना चालते. ही फाईल आवळली तर एक-तृतीयांश झाली. काकूंनी ती उघडली. पडद्यावर एक पाय आला. गुडघ्याखाली संपणारा, स्वच्छ, करडा, फिरवून बघता येणारा.

काकू खुर्चीत सरळ बसल्या. मग त्या टोकाकडून मागे मागे येत राहिल्या. चांगली, चांगली, चांगली. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना ती एक फाईल सापडली जिचा अर्धा भाग चुरा होता आणि अर्धा अगदी शाबूत. कुलूप लावणारं काम एखाद्या फाईलच्या मधोमध आपणहून थांबत नाही.

त्यांनी चिमूताईला फोन लावला. "एकट्या आहात का?"

"हो. मास्तर भट्टीजवळ आहेत."

"प्लग कोणी ओढला?"

"कसला प्लग?"

"चिमूताई, मी काही पोलीस नाही. कॉम्प्युटर मध्येच बंद पडलाय, आणि तो आपणहून पडलेला नाही. मला फक्त एवढं कळू द्या की पुढे शोधण्यात अर्थ आहे की नाही."

"मी येते," चिमूताई म्हणाली आणि फोन ठेवला.

ती अर्ध्या तासात आली. पायरी चढली, आत आली, आणि बसायला एकच जागा होती तिथे, म्हणजे त्या जुन्या स्टुलावर, बसली. ते स्टूल कोणाचं हे त्या क्षणी दोघींच्याही डोक्यात नव्हतं, असं दोघीही मला म्हणाल्या. मी त्यांच्याच इमारतीत वर राहतो. ही हकिगत दोघींनी मला वेगवेगळी सांगितली, आणि इथपर्यंत ती तंतोतंत जुळते.

"मीच उघडली ती," चिमूताई म्हणाली. "ईमेलमध्ये कुरिअरची पावती म्हणून आली होती. आम्ही घोट्याचे सांधे मागवले होते, मला वाटलं त्याचीच. उघडली तर काहीच दिसलं नाही. दहा मिनिटांनी बघते तर फायलींची चित्रं पांढरी व्हायला लागली. एकेक करून. वरून खाली. मला समजेना. माउस हलवते, काही थांबत नाही. मग टेबलाखाली गेले आणि हाताला आली ती सगळी वायर ओढली."

"टेबलाखाली? तुम्हाला तर वाकता…"

"खुर्चीला धरून बसले फरशीवर. मग उठताच येईना. तिथेच बसून होते दहा मिनिटं." ती जराशी हसली. "मग पुन्हा लावली वायर. चालू केला तर ती चिठ्ठी आली. मास्तर रोज सांगतात, चालू कॉम्प्युटरचा प्लग ओढायचा नाही, बिघडतो. मला वाटलं, मीच ओढून सगळं घालवलं. मग म्हटलं, चालूच होता म्हणून सांगावं."

काकूंनी पडदा तिच्याकडे वळवला. "ओढलास म्हणून वाचलंय, जे वाचलंय ते. आणि मला खोटं सांगितलंस म्हणून मी ते पुसायला निघाले होते. परवा सकाळी. कळतंय का तुला?"

चिमूताईने मान हलवली. वहिनीने पहिल्यांदाच 'तू' म्हटलं, हे तिच्या घरी गेल्यावर लक्षात आलं. काकूंना तर ते मी सांगेपर्यंत माहीतच नव्हतं.

"मास्तरांना तुम्ही सांगाल?" चिमूताईने विचारलं.

"मी कशाला सांगू? माझं काम डिस्कचं."

तिने दुसऱ्या दिवशी स्वतःच सांगितलं. मास्तर साच्यात प्लास्टर ओतत होते. ओतणं पूर्ण होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग हात पुसत म्हणाले, "पावती माझ्यासमोर आली असती तर मीही उघडली असती. पण गुरुवारीच बोलली असतीस तर मी त्या दुरुस्तीवाल्याला आत येऊ दिलं नसतं." त्यापुढे ते त्या विषयावर कधी बोलले नाहीत. चिमूताई सांगते, ते दोन-चार शब्द ओरडले असते तर बरं झालं असतं.

हिशेब लागला तो असा. फायली वर्षांप्रमाणे लावलेल्या होत्या; कुलूप आधी जादा डिस्कला पूर्ण लागलं होतं, मग मुख्य डिस्कवर जुन्याकडून नव्याकडे लागत गेलं होतं, आणि वायर परत लावल्यावर ते पुन्हा सुरू झालं नव्हतं. पहिली सहा वर्षं पूर्ण गेली, साधारण पाचशे माणसं. उरलेल्यांपैकी नव्वदएक जणांच्या फायलींवर नवीन विंडोज बसलं होतं, त्याही गेल्या. सातशेच्या वर हाताला लागल्या. अर्धवट पायांतले एकोणसाठ त्यांत होते. नोंदी सापडल्या तशा मास्तरांनी कागदावर काढून घ्यायला लावल्या. आता त्यांचा कॉम्प्युटरवर विश्वास राहिला नव्हता.

पण एक घोटाळा होता. नोंदींमध्ये नावं लिहिलेली होती. मापांच्या फायलींची नावं पुसलेल्या यादीबरोबर गेली होती. पडद्यावर नुसता पाय यायचा. कोणाचा ते काही कळायचं नाही.

"मला बघू द्या," चिमूताई म्हणाली.

मग ती मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारची यायला लागली. काकू एकेक फाईल उघडायच्या, पाय गोल फिरवायच्या. चिमूताई काउंटरवरच्या जुन्या वह्या मांडीवर घेऊन बसायची. काही फायलींच्या पोटात तारीख असायची, तेव्हा वहीत त्या दिवसाची नावं बघायची. पण पुष्कळदा वहीची गरजच पडायची नाही.

"हा उजवा, आणि खाली असा खड्डा. भाजलेला आहे. बेकरीवाला."

"हे बाजूचं हाड बाहेर आलेलं… पोस्टातले. वाटीत पाय घालताना शिट्टी वाजवतात."

"ही शाळेतली बाई. ही बघा, ही रेघ. लहानपणीच्या टाक्यांची आहे. सांगते की मांजराने ओरबाडलं."

काकूंनी आयुष्यात लोकांच्या फायली उघडल्या होत्या, पण वाचायच्या नाहीत हा त्यांचा नेम. उघडते का एवढंच बघायचं आणि बंद करायची. इथे बघितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पहिले दोन दिवस त्या नजर चोरत होत्या. नंतर त्याही ओळखायला लागल्या. "हे पुन्हा ते शिट्टीवाले का?" "नाही हो वहिनी, शिट्टीवाल्यांचा गुडघा गोल आहे. हे टॅक्सीवाले."

एका शुक्रवारी काकूंनी विचारलं, "तुमचं कुठे आहे?"

"माझं तिसऱ्या वर्षातलं. गेलं ते."

"मग?"

"मग काय, मास्तर नवीन घेतील. मी तिथेच असते, मला कुठे गाडी बदलून यायचंय?"

ती वही चाळत राहिली. मग तशीच खाली बघत म्हणाली, "बाबांनी तुम्हाला इथे बसवलं तेव्हा मला विचारलं नव्हतं."

काकूंनी माउस खाली ठेवला. "मला तरी कुठे विचारलं होतं? मला शिलाई मशीन आणायचं होतं. जागा झाली असती, या इथे, कोपऱ्यात. मी दोनदा सांगितलं त्यांना. त्यांना ऐकूच आलं नाही."

"ऐकू यायचं त्यांना चांगलं."

"ते मलाही माहिती आहे."

चिमूताईला हसू आलं आणि मग काकूंनाही. एवढंच. त्यानंतर त्या विषयावर दोघी फार बोलल्या असतील असं मला वाटत नाही. पण सातशे फायलींना नावं लागायला चार महिने गेले, आणि नावं संपली तरी चिमूताईचं शुक्रवारचं येणं चालू राहिलं. काकूंनी तिला डिस्कमधली ती तरंगणारी सुई, म्हणजे हेड, बदलायला शिकवलं. तिचा हात काकूंपेक्षा स्थिर आहे. हे काकूच सांगतात, आणि सांगताना त्यांचा चेहरा थोडा पडतो. आता आठवड्यातून एक दिवस काचेच्या पेटीत हात घालून चिमूताई बसते आणि काकू गिऱ्हाईक बघतात. तीन प्रश्न आता चिमूताईही विचारते. फक्त दुसऱ्या प्रश्नाच्या वेळी ती माणसाकडे बघत नाही, काहीतरी शोधल्यासारखं करते. म्हणते, तसं केलं की लोक खरं सांगतात.

कुलूप न निघालेल्या पाचशे माणसांच्या फायली काकूंनी वेगळ्या डिस्कवर काढून ठेवल्या होत्या. अशा टोळ्या कधीतरी पकडल्या जातात आणि किल्ल्या बाहेर येतात, म्हणून टाकून द्यायच्या नसतात. गेल्या महिन्यात तसं झालंही. पोलिसांच्या सायबर खात्याने काही किल्ल्या सगळ्यांसाठी खुल्या केल्या. काकूंनी मास्तरांना बोलावून घेतलं, चिमूताई होतीच. डिस्क लावली, किल्ली चालवली. दीड तास तिघं बघत होते. शेवटी उत्तर आलं की ही किल्ली दुसऱ्या कुलपाची आहे.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "जाऊ दे. पाचशेतले साडेचारशे माझे पुन्हा मापून झालेत. काहींचं नशीबच, जुनी वाटी त्यांना टोचतच होती आणि सांगत नव्हते. बोलावलं म्हणून कळलं."

"आणि उरलेले पन्नास?" काकूंनी विचारलं.

"काहींचे फोन बदललेत. काही गेले." त्यांनी चष्मा परत लावला. "चिमणे, टॅक्सीवाल्याला चार वाजता बोलावलंय ना आपण?"

"साडेतीनला," चिमूताई म्हणाली. तिने डिस्क काढली, पाकिटात घातली, पाकिटावर आजची तारीख लिहिली आणि त्याखाली लिहिलं, 'नाही उघडली'. मग तिने ते कपाटात वरच्या फळीवर ठेवलं, आणि ती आणि मास्तर कामावर परत गेले.